मोजमाप कोणाच्या हातीं?

(पनवेल येथें शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत एका खेड्यांतील शाळामास्तरांनीं केलेलें भाषण)



आजचा रोज बुडवून तुम्ही येथें आलां आहां. तेव्हां गोड गोड बोलून तुमचा वेळ खाण्याचा मला अधिकार नाहीं. मला सांगावयाचें आहे तें एवढेंच कीं, विज्ञान म्हणून जी वस्तु आहे ती आपल्या घरांत, शेतांत, खाडींत, भट्टींत रोज नांदते. पण तिची किल्ली आपल्या हातीं नाहीं. ती हातीं कशी येईल, आणि न आली तर आपलें काय बुडेल, याचा विचार आपण मिळून करूं.

आपल्या बापजाद्यांचें काय झालें तें आठवा. नांगर त्यांनीं धरला, चिखल त्यांनीं तुडविला. पण पिकलें किती आणि देणें किती, याची नोंद दुसऱ्याच्या दप्तरांत! कुलकर्ण्याच्या बाडांत काय लिहिलें आहे तें वाचतां येईना, म्हणून अंगठा उठवावा लागला. सावकाराच्या वहींत एकाचे दोन झाले ते मोजतां येईनात, म्हणून जमिनी गेल्या, बैल गेले, बायकांच्या अंगावरचे मणी गेले. आपल्याच जिल्ह्यांत, त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यांत, चरीच्या शेतकऱ्यांनीं १९३३ सालीं नारायण नागू पाटील यांच्या पुढारपणाखालीं खोतीविरुद्ध संप पुकारला आणि तो वर्षानुवर्षें चालविला. जो कसतो त्याचा पिकांत वांटा किती, आणि तो ठरविणार कोण, हाच तेथें झगडा होता.

आज तें बाड गेलें आणि खोतही गेला. पण म्हणून मोजणारा गेला काय? मुळींच नाहीं! त्याच्या जागीं आतां अहवाल आला, नकाशा आला, पाण्याच्या तपासणीचा कागद आला. २००६ सालच्या केंद्र सरकारच्या नियमाप्रमाणें अनेक मोठ्या प्रकल्पांस परवानगी देण्यापूर्वीं पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अहवाल करावा लागतो, त्याचा सारांश लोकभाषेंत द्यावा लागतो आणि जनसुनावणी घ्यावी लागते. कायद्यानें आपल्याला बोलावणें केलें आहे. पण तेथें जाऊन आपण करतों काय? कागदावर आंकडे असतात, ते कसे काढले हें आपल्याला ठाऊक नसतें, आणि आपण एक तर मुकाट्यानें माना हालवितों किंवा नुसता आरडाओरडा करून परत येतों. पूर्वीं वाचतां येईना म्हणून अंगठा गेला. आतां मोजतां येईना म्हणून नदी जाईल, खाडी जाईल. फरक तो काय?

जोतीराव फुल्यांनीं हें फार आधीं ओळखलें होतें. १८७३ सालीं त्यांनीं सत्यशोधक समाज स्थापन केला, आणि १८८२ सालीं सरकारनें नेमलेल्या हंटर कमिशनापुढें आपलें निवेदन ठेवलें. त्यांत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी तर होतीच. पण खेड्यांतल्या पोरांना मोडी, बाळबोध व हिशेब यांबरोबर शेतकीचें आणि आरोग्याचें प्राथमिक ज्ञान द्यावें, प्रत्यक्ष शिकण्यास नमुन्याचें लहानसें शेत असावें, आणि मास्तर होतां होईल तों शेतकरी वर्गांतून निवडावे, जे वेळ पडल्यास नांगर किंवा सुताराचा वाकस हातीं धरूं शकतील, असेंही त्यांनीं सांगितलें होतें. या गोष्टीस १४० वर्षांहून अधिक काळ लोटला. आपल्या आसपास किती शाळांना असें शेत आहे, तें तुम्हीच मोजा.

आतां कोणी म्हणेल, "मास्तर, विज्ञान हें कालेजांतल्या लोकांचें काम. आम्ही अडाणी माणसें." बंधूंनो, हें 'अडाणी' नांव आपणांस दुसऱ्यांनीं ठेवलें आणि आपण तें बारशाच्या घुगऱ्यांसारखें वांटून घेतलें! मी तुम्हांला आपल्याच खाडीवरचा दाखला देतों.

आपले कोळी व आगरी बांधव भरतीची वेळ घड्याळाशिवाय कशी काढतात? तिथीला पाऊणनें गुणतात. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे सुमारें तीन वाजतां पुरी भरती. अष्टमी असेल तर आठ पाऊण सहा. हें खरें कां ठरतें? भरती चंद्राच्या ओढीनें येते, आणि चंद्र दर तिथीला सूर्याच्या थोडा मागें पडत जातो. तीस तिथींत तो एक पुरा फेरा, म्हणजे चोवीस तास, मागें पडतो. चोवीस तासांचीं मिनिटें १४४०. त्यांस तिसांनीं भागलें म्हणजे ४८ मिनिटें आलीं. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटें. म्हणजे आपल्या आज्याच्या हिशेबांत दर तिथीस तीनच मिनिटांची खोट! पंधरा तिथींत ती पाऊण तास होते. पण पुनवेनंतर मोजणी पुन्हां प्रतिपदेपासून, त्यामुळें चूक सांचत जात नाहीं. खाडीच्या आंत पाणी चढावयास किंचित वेळ अधिक लागतो, तोही जुना कोळी अनुभवानें धरतो. ज्यानें पाऊणकी तोंडपाठ करून समुद्राचा हिशेब मांडला, तो अडाणी कसा? त्याच्याजवळ हिशेब होता. कारण सांगणारें कोणी त्याच्यापाशीं बसलें नाहीं, एवढेंच.

मिठागराचें तसेंच. समुद्राच्या शंभर शेर पाण्यांत सुमारें साडेतीन शेर क्षार असतात. तें पाणी एका वाफ्यांतून दुसऱ्यांत घेत आटविलें म्हणजे पहिल्यानें चुन्याच्या जातीचा क्षार खालीं बसतो, मग खाण्याचें मीठ धरतें, आणि शेवटीं जें कडू पाणी उरतें तें सोडून द्यावें लागतें. नाहींतर मीठ कडसर होतें व ओलें राहतें. हें सारें रसायनशास्त्र आहे. खैराचा गाभा उकळून, पाणी आटवून कात काढणारे कातकरी, तापलेल्या पोलादाला पाणी पाजणारा लोहार, आव्याची आंच रंगावरून ओळखणारा कुंभार, हे सारे त्याच शास्त्राचे जाणते. उरण-पनवेलकडचीं मिठागरें आतां बरीचशीं बुजलीं. त्यांबरोबर हें ज्ञानही बुजत चाललें आहे.

दुसरी गोष्ट. मोठें विज्ञान दूर विलायतेंत असतें असें समजूं नका. मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेंत पृथ्वीच्या चुंबकत्वाचीं मापें गेल्या शतकाच्याही आधींपासून घेतलीं जात. १८५९ सालच्या सप्टेंबरांत सूर्यावरील वादळामुळें पृथ्वीवरचे चुंबक थरथरले, त्याची नोंद त्या वेधशाळेंत झाली आणि आज जगभरचे शास्त्रज्ञ ती पाहतात. पुढें मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार असें ठरलें. विजेच्या प्रवाहानें नाजुक मापें बिघडतील, म्हणून नानाभाई मूस हे प्रमुख असतांना १९०४ सालीं चुंबकीय वेधशाळा आपल्या अलिबागेस उभी राहिली. आणि हा अभ्यास करणाऱ्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचें मुख्य ठाणें आज कोठें आहे? आपल्या नवीन पनवेलांत! कोळ्याच्या होडींतील होकायंत्राची सुई उत्तरेकडे कां वळते, याचा शोध घेणारे लोक आपल्या वेशींत बसले आहेत. काखेंत कळसा आणि गांवाला वळसा, अशी आपली गत होऊं नये.

तिसरी गोष्ट जिवाची आहे. कोंकणांत लाल विंचवाचा दंश होऊन पूर्वीं किती माणसें, किती कोंवळीं पोरें गेलीं, हें घराघरांत ठाऊक आहे. जालना जिल्ह्यांतील एका गरीब शेतकरी घरांत जन्मलेले डॉक्टर हिंमतराव बावस्कर हे आपल्याच जिल्ह्यांत महाड तालुक्यांत सरकारी दवाखान्यावर आले. त्यांनीं रोग्याच्या खाटेशीं बसून नाडी, रक्ताचा दाब, घाम, उलटी यांची तासातासाला नोंद केली, आणि विष हृदयावर कसें चढतें तें ओळखलें. रक्तदाबावर देण्यांत येणारें प्राझोसिन नांवाचें स्वस्त औषध येथें लागू पडतें, हें त्यांनीं १९८० नंतरच्या दशकांत दाखविलें. ज्यांना विष जोरानें चढे, त्यांतील शंभरांपैकीं तीस-चाळीस पूर्वीं दगावत. औषध वेळेवर मिळूं लागल्यावर तें प्रमाण शंभरांत एखाददुसऱ्यावर आलें. हा शोध कोणत्या भव्य प्रयोगशाळेंत लागला? खेड्यांतल्या दवाखान्यांत, घड्याळ आणि वही घेऊन!

आणि येथेंच मांत्रिकाचें पितळ उघडें पडतें. बहुतेक विंचूदंश दुखून दुखून आपोआपच उतरतात. त्याचें श्रेय मांत्रिक घेतो. ज्याला विष खरोखर चढतें तो मरतो, तेव्हां तो म्हणतो, "वेळ भरली होती." जगलेले आपल्या खात्यांत आणि मेलेले देवाच्या खात्यांत, असा हा सावकारी हिशेब आहे! विज्ञान शिकणें म्हणजे दोन्ही बाजू एका वहींत लिहावयास शिकणें. दरदरून घाम, ओकारी, हातपाय गार पडणें, हीं लक्षणें दिसलीं कीं उताऱ्याची वाट न पाहतां पोराला दवाखान्यांत न्यावें, एवढें जरी घरोघर पोंचलें तरी माझें आजचें बोलणें फुकट गेलें नाहीं असें मी समजेन.

मग हें ज्ञान आपल्यापर्यंत पोंचत कां नाहीं? शाळेबाहेर विज्ञान शिकण्याच्या सोयी देशांत नाहींत असें नाहीं. मुंबईस वरळीला नेहरू विज्ञान केंद्र १९८५ पासून आहे. चांगलें आहे; पोरांनीं अवश्य पहावें. पण कर्नाळ्याच्या डोंगराखालच्या वाडींतलें पोर वरळीला जाईल कसें? गाडीभाडें, दुपारचें खाणें, आणि बरोबर जाणाऱ्या बापाचा बुडालेला रोज, हा खर्च त्या घराच्या आठवड्याच्या मिठामिरचीचा आहे. शिवाय दिवाळीनंतर कातकरी कुटुंबें वीटभट्ट्यांवर जातात तीं पावसाच्या तोंडावर परततात. आणि राष्ट्रीय विज्ञान दिन येतो २८ फेब्रुवारीस. गांवांत विज्ञानाची जत्रा भरते तेव्हां जत्रेला यावयाचीं पोरें भट्टीवर विटा उलटीत असतात! बायकांचें तर विचारूंच नका. व्याख्यान संध्याकाळीं सहाला ठेवलें, म्हणजे चुलीपुढच्या बाईला घरींच बसवून ठेवलें.

भाषेची भिंत याहून उंच. "बाष्पीभवन" म्हटलें कीं पोर घाबरतें. "पाणी आटतें" म्हटलें कीं तें हंसतें आणि म्हणतें, हें तर मला ठाऊक आहे. मुंबईस १९७४ सालीं निघालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या मंडळींनीं जळगांव जिल्ह्यांत खिरोद्याकडील शाळांतून आणि मुंबईच्या म्युनिसिपल शाळांतील दलित मुलांबरोबर काम केलें. त्यांचा अनुभव असा कीं, या मुलांना बुद्धीचा तोटा नव्हता. अडत होतें तें पुस्तकाच्या अवघड भाषेपाशीं आणि प्रश्न विचारण्याची संवय नसण्यापाशीं. भाषा सोपी केली, प्रयोग हातीं दिला, बोलतें केलें, तेव्हां त्याच मुलांचें पाऊल पुढें पडलें. म्हणून माझें म्हणणें असें कीं, पहिल्यानें घरचा शब्द द्यावा, मग पुस्तकी शब्द द्यावा; पण पुस्तकी शब्द लपवूं मात्र नये. परीक्षेंत आणि कचेरींत त्याच शब्दाचें नाणें चालतें, आणि तें नाणें आपल्या पोरांच्या खिशांतही असलें पाहिजे.

दुसरे दाखलेही आहेत. पुणें जिल्ह्यांत पाबळ येथें डॉक्टर श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ सालीं विज्ञान आश्रम काढला. शाळेनें नापास म्हणून टाकलेलीं पोरें तेथें बांधकाम, लोहारकाम, माती तपासणें, जमिनींत पाण्याचा ठाव घेणें, अशीं गांवच्या उपयोगाचीं कामें करतां करतां शास्त्र शिकलीं. मध्यप्रदेशांत होशंगाबादकडे १९७२ पासून तीस वर्षें खेड्यांतल्या शाळांतून हातानें प्रयोग करून विज्ञान शिकविण्याचा उद्योग चालला. त्यांतच अरविंद गुप्तांनीं सायकलच्या व्हॉल्व्हची नळी आणि आगपेटीच्या काड्या यांपासून खेळणीं करून पोरांना भूमितीचे आकार शिकविले. यांस किती द्रव्य लागलें? बाजारांतल्या चहाच्या एका पेल्याइतकें!

तेव्हां आपल्या भागांत काय करावें, तें मी थोडक्यांत सांगतों.

जागा अशी असावी कीं, जेथें आपले लोक मुळींच जमतात. आठवड्याचा बाजार, गांवदेवीची जत्रा, समाजमंदिर, आदिवासी वाडींतील अंगण आणि वीटभट्टी. पोर भट्टीवर असेल तर मास्तरानें भट्टीवर जावें. भट्टींत उष्णतेचें शास्त्र जितकें उघडें दिसतें तितकें शाळेच्या फळ्यावर दिसत नाहीं. वेळ लावणी व कापणी सोडून, आणि बायकांना विचारून ठरवावी. मांडलेल्या वस्तूंवर "हात लावूं नये" अशी पाटी नसावी. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या "शिवूं नका" हेंच ऐकावें लागलें, त्यांच्या पोरांपुढें विज्ञानानेंही तीच पाटी लावावी काय? मोडलें तर मोडलें. मोडलेलें दुरुस्त करणें हा दुसरा धडा.

शिकविणारा नेहमीं बाहेरचाच कशाला? कुंभारदादांनीं आव्याची गोष्ट सांगावी, कोळीणबाईंनीं मासळी खारविण्याची सांगावी, आणि मास्तरानें कारण जोडावें. आणि एक स्पष्ट बोलतों: कालेजच्या पाहुण्याला मानधन आणि कुंभाराला नुसता नारळ, हा भेद नको. दोघांचें ज्ञान ज्ञानच आहे, दोघांचा रोज सारखा बुडतो.

पण येथें एक इशारा देणें माझें कर्तव्य आहे. आपल्या पूर्वजांना सारेंच ठाऊक होतें, असें सांगून तुमच्या पाठीवर थाप मारणारे लोक अलीकडे पुष्कळ निघाले आहेत. त्यांच्या नादीं लागूं नका. पाऊणकीचा हिशेब मीं वाखाणला, तो जुना म्हणून नव्हे. उद्यां कोणीही घड्याळ घेऊन खाडीवर उभें रहावें आणि ताडून पहावें, म्हणून. मंत्राला मीं नांवें ठेवलीं तीं आपल्या आईबापांचा अपमान करण्यासाठीं नव्हे. तो ताडून पाहतां टिकत नाहीं, म्हणून. भटजीचें असो, सायबाचें असो, मास्तराचें असो कीं आपल्या आज्याचें असो, एकच कसोटी. मूळ सत्यशोधकी बाणा तो हाच. आपल्या घटनेंतही १९७६ च्या दुरुस्तीनें वैज्ञानिक दृष्टि व जिज्ञासा वाढविणें हें प्रत्येक नागरिकाचें कर्तव्य म्हणून लिहिलें आहे. कर्तव्य सर्वांवर टाकलें असेल, तर साधनेंही सर्वांपर्यंत आलीं पाहिजेत, ही मागणी आपण हक्कानें केली पाहिजे.

शेवटीं आपल्या दारचीच गोष्ट. तळोजा औद्योगिक वसाहतीजवळून वाहणाऱ्या कासाडी नदीच्या प्रदूषणाचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापुढें गेला. तेथें काय चालतें? नुसता राग चालत नाहीं, नोंद चालते. म्हणून प्रत्येक गांवांत शाळेनें एक वही ठेवावी. तारीख, भरती कीं ओहोटी, पाण्याचा रंग, वास, मेलेली मासळी, विहिरीच्या पाण्याची उंची, पडलेला पाऊस. पोरांना पाण्याची पारख शिकवावयाची तर जास्वंदीच्या फुलांचा रस काढा. लिंबाच्या रसानें तो लाल होतो, चुन्याच्या निवळीनें हिरवट होतो. आंबट कोणतें आणि क्षार कोणता, हें पोर एका क्षणांत शिकेल. ही कांहीं कोर्टांत चालणारी तपासणी नव्हे; ती प्रयोगशाळेंतच झाली पाहिजे. पण नमुना केव्हां व कोठून घ्यावा, आणि आलेल्या कागदावरील आंकडा आपण डोळ्यांनीं पाहिलें त्याच्याशीं जुळतो कीं नाहीं, हें ज्याच्याजवळ वही आहे तोच विचारूं शकतो. वही नसलेल्याला सांगितलेलें ऐकून घ्यावें लागतें.

ही वही पोरांच्या हातीं द्या. त्यांतही मुलींच्या हातीं आधीं द्या, कारण विहिरीवर रोज त्याच जातात आणि पाणी खालावलें हें प्रथम त्यांनाच कळतें. मास्तर मंडळींना माझी विनंति कीं, महिन्यांतून एक दिवस शाळा भिंतीबाहेर काढा. आणि आईबापांना विनंति कीं, पोरानें "असें कां?" म्हणून विचारलें तर "गप्प बस" म्हणूं नका. उत्तर ठाऊक नसेल तर "चल, पाहूं" म्हणा. आपल्या घराण्यांत हजार वर्षें "गप्प बस" चालत आलें. आतां तें पुरे झालें.

 कोणास शंका असेल तर आतांच उभें राहून विचारावी. बायांनीं पहिल्यानें विचारावी.